सामुदायिक रेडिओच्या दारात पोलीस : बर्कली, जुलै १९९९

ध्वनिलहर

ज्यांच्या वर्गणीवर रेडिओ स्टेशन चालतं, त्याच श्रोत्यांना स्टेशनच्या दारातून उचलायला व्यवस्थापनाने पोलीस बोलावले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात केपीएफए या स्टेशनवर १९९९ मध्ये हे घडलं. मोर्चा आणि पोलीस यांच्यातल्या तणावाबद्दल आपण नेहमी बोलतो ते सरकार विरुद्ध जनता असंच. इथे मात्र दोन्हीकडची माणसं एकाच संस्थेची होती आणि पोलीस मध्ये अडकले होते. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. केपीएफए १५ एप्रिल १९४९ ला सुरू झालं. संस्थापक ल्युइस हिल हे युद्धविरोधी विचारांचे. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्यांपैकी एक. जाहिरात घ्यायची नाही, श्रोत्यांनी वर्गणी द्यायची आणि त्यावर स्टेशन चालवायचं, ही गोष्ट अमेरिकेत पहिल्यांदा त्यांनी करून दाखवली. मागे संस्था होती पॅसिफिका फाउंडेशन. पुढे तिची लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन इथे आणखी चार स्टेशनं झाली. ह्यूस्टनच्या स्टेशनचा ट्रान्समीटर १९७० मध्ये, म्हणजे सुरू झाल्याच्या वर्षीच, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या लोकांनी दोनदा बॉम्बने उडवला होता. म्हणजे अंगावर येणाऱ्यांची या संस्थेला सवय होती. पण ते सगळे बाहेरचे.

पाचही स्टेशनांचे परवाने फाउंडेशनच्या नावावर. भांडणाचं मूळ तिथे. श्रोते म्हणणार स्टेशन आमचं, कागद म्हणणार फाउंडेशनचं.

फेब्रुवारी १९९९ मध्ये फाउंडेशनच्या राष्ट्रीय मंडळाने आपली घटना, म्हणजे कारभाराची नियमावली, बदलली. तोवर स्थानिक सल्लागार मंडळांचे प्रतिनिधी राष्ट्रीय मंडळावर जात. आता मंडळाचे सदस्य मंडळच निवडणार असं ठरलं. सार्वजनिक प्रसारणासाठीच्या केंद्रीय अनुदानाच्या नियमांमुळे हे करावं लागतंय, असं कारण देण्यात आलं. मेरी फ्रान्सिस बेरी तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मार्चअखेर केपीएफएच्या लोकप्रिय व्यवस्थापक निकोल सवाया यांचा करार वाढवला नाही. संस्थेतल्या वादांबद्दल प्रसारणात बोलायचं नाही असा दंडक होता. लॅरी बेन्स्की या ज्येष्ठ पत्रकाराने तो मोडून आपल्या कार्यक्रमात या विषयावर बोलायचं ठरवलं, आणि त्यांचीही गच्छंती झाली. तिथून श्रोते रस्त्यावर आले.

१३ जुलैला ठिणगी पडली. मंडळाच्या एका सदस्याचं ईमेल चुकून मीडिया अलायन्स या संघटनेकडे गेलं होतं, आणि त्यात स्टेशन विकून टाकण्याची भाषा होती. संघटनेने पत्रकार परिषद घेऊन ते उघड केलं. डेनिस बर्नस्टाइन यांनी त्याचा भाग आपल्या 'फ्लॅशपॉइंट्स' कार्यक्रमात लावला. कार्यक्रम संपताच त्यांना इमारत सोडायला सांगण्यात आलं. ते गेले नाहीत, तेव्हा सुरक्षारक्षक त्यांना बाहेर काढायला आले. संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या आणि मागून त्यांचा आरडाओरडा थेट माइकवर येऊ लागला. निवेदक मार्क मेरिकल यांनी हातातली बातमी बाजूला ठेवली आणि आपल्याच न्यूजरूममध्ये काय चाललंय ते श्रोत्यांना सांगायला सुरुवात केली. थोड्याच वेळात प्रक्षेपण तुटलं आणि त्या जागी जुनी टेप वाजू लागली.

घरोघरी रेडिओ लावून बसलेल्या लोकांनी हे ऐकलं आणि ते निघाले. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर वेवर स्टेशनसमोर बघता बघता शेकडो माणसं जमली. कर्मचारी आत बसून राहिले. त्या रात्री पोलिसांनी पन्नासहून अधिक जणांना अटक केली. बातमीदार, निवेदक, श्रोते, सगळे त्यात होते. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनला टाळं. कर्मचारी बाहेर, आत सुरक्षारक्षक. फुटपाथवर तंबू पडले. लोक त्याला 'कॅम्प केपीएफए' म्हणायला लागले. ३१ जुलैच्या मोर्चात दहा हजारांच्या आसपास माणसं होती. एका रेडिओ स्टेशनसाठी दहा हजार! ५ ऑगस्टला दारं उघडली आणि कर्मचारी आत गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोलीस दारात आले की भांडणाचा विषयच बदलतो. स्टेशन कोणाचं, हा प्रश्न मागे पडतो आणि 'तुम्ही जागा सोडता की नाही' एवढाच उरतो. पोलिसांकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, ते त्यांचं कामही नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र त्यांच्या कमरेला लटकलेलं असतं. सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्या मंडळाने अंतर्गत वादात पोलिसांना स्टुडिओपर्यंत आणणं म्हणजे हरल्याची कबुलीच, मग कागदावर त्यांची बाजू कितीही पक्की असो. तुम्हाला काय वाटतं?

---

पारावरचा

सविस्तर लिहिलंत, आवडलं. पण माझे वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे मला हे चित्र दुसऱ्या बाजूने दिसतं.

ताबा ज्याच्याकडे आहे त्याने 'ही माणसं माझ्या जागेतून जात नाहीत' अशी तक्रार केली, तर ड्युटीवरच्या शिपायाने काय म्हणायचं? 'तुमची घटनादुरुस्ती मला पटत नाही, म्हणून मी येत नाही'? त्याला कागद बघावा लागतो. समोर उभी असलेली माणसं कदाचित त्याच्याच शहरातली, ओळखीची, शेजारची. रात्रभर उभं राहायचं, घोषणा ऐकायच्या, कोणी अंगावर आलं तर सावरायचं, आणि सकाळी दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. वडील बंदोबस्तावरून आले की आधी बूट काढून पाय गरम पाण्यात सोडून बसायचे आणि बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत. कोणाचं बरोबर होतं हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही.

दुसरं असं की त्या वसंतात पॅसिफिकाच्या कार्यालयावर रात्री गोळीबार झाल्याचं मी वाचलं आहे. कोणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर व्यवस्थापन सुरक्षारक्षक ठेवणारच. भीती खरी होती. तुमच्या लेखात ती बाजू हवी होती.

---

सांजपर्व

पारावरचा, भीती खरी असेल. पण गोळीबार करणारा अज्ञात आणि फुटपाथवर गाणी म्हणणारे शेकडो श्रोते यांना एकाच मापाने मोजलं, तर कुठल्याही आंदोलनाविरुद्ध कधीही पोलीस बोलावता येतील. एका माणसाच्या बंदुकीची शिक्षा हजारांना का?

वडिलांबद्दलचं वाचून मात्र गलबलून आलं.

---

नोंदवही

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण या धाग्याला त्याची गरज आहे.

कॅलिफोर्नियात अशा ठिकाणी दोन जागा अगदी वेगळ्या धरतात. फुटपाथ सार्वजनिक. तिथे उभं राहणं, फलक धरणं, घोषणा देणं यांना राज्यघटनेचं भक्कम संरक्षण आहे. ये-जा अडवायची नाही आणि प्रवेशद्वार रोखायचं नाही, एवढीच मर्यादा. दाराच्या आतली जागा खासगी. तिथे ताबेदाराने जा म्हटलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर दंडसंहितेच्या कलम ६०२ खाली तो अतिक्रमणाचा गुन्हा, किरकोळ स्वरूपाचा. किरकोळ गुन्ह्यात पोलिसाला आपल्या समोर गुन्हा घडल्याशिवाय एरवी स्वतःहून अटक करता येत नाही. अशा वेळी कलम ८३७ लागतं. ते नागरिकाने केलेल्या अटकेचं कलम. ज्याची तक्रार आहे त्याने 'मी या माणसाला अटक करतो आहे' असं लिहून द्यायचं, आणि पोलिसांनी त्या माणसाला ताब्यात घ्यायचं.

याचा अर्थ नीट बघा. नागरिकाच्या अटकेत अटक कागदोपत्री पोलिसांची नसते, तक्रारदाराची असते. सही करणाऱ्याला आपल्याच वर्गणीदाराच्या नावापुढे सही करावी लागते. म्हणून मला धागाकर्त्यांचं म्हणणं पटतं. पोलिसांच्या हातातल्या बेड्या दिसतात, पण त्या घालायला सांगणारा हात संस्थेतलाच असतो.

आता अंग सैल सोडण्याबद्दल. ठिय्या देणारे उठायला नकार देतात, हातपाय ढिले सोडतात, मग चार जणांनी उचलायचं. लोकांना वाटतं यात धोका नाही, कारण आपण हात उगारलेला नाही. सॅन डिएगोत १९८९ मध्ये गर्भपातविरोधी निदर्शकांनी दवाखान्यांसमोर असाच ठिय्या दिला. पोलिसांनी त्यांना उचललं नाही. दोरीने जोडलेल्या दोन काठ्यांचं नंचाकूसारखं साधन मनगटाभोवती घालून आवळलं, दुखायला लागलं की माणूस आपोआप उठतो. मनगटं दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, खटला चालला. ज्यूरीने पोलिसांच्या बाजूने कौल दिला आणि १९९४ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय, अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे केपीएफएसमोर बसलेल्यांच्या वेळी हा निकाल ताजा होता, आणि त्याच न्यायालयाच्या कक्षेत बर्कली येतं. शांतपणे बसलेल्या माणसालाही दुखवून उठवायची मुभा पोलिसांना होती. ती वापरायची की चौघांनी मिळून उचलायचं, हे जागेवरचा अधिकारी ठरवतो. तणाव चिघळतो की निवळतो ते बहुतेक वेळा या एका निर्णयावर.

---

चौकटीबाहेर

+१ नोंदवही. नागरिकाच्या अटकेचं ठाऊक नव्हतं.

---

निळावंती

मला वेगळ्याच गोष्टीबद्दल विचारायचं आहे. निवेदकाने बातम्या थांबवून आपल्या सहकाऱ्याला बाहेर काढलं जात असल्याचं सांगायला सुरुवात केली, ही पत्रकारिता झाली की आंदोलन? त्या क्षणी तो बातमी देत होता आणि बातमीतलं पात्रही तोच होता. ते ऐकून शेकडो लोक आले, त्यामुळे गर्दी वाढली, गर्दीमुळे आणखी पोलीस आले. रेडिओ तणावाचं वर्णन करत होता की तणाव वाढवत होता?

मी निवेदकाला दोष देत नाही. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मनात घोळतंय.

---

ध्वनिलहर

निळावंती, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण इटलीतलं. बोलोन्या शहरात रेडिओ अलीचे नावाचं स्वतंत्र स्टेशन होतं, १९७६ मध्ये सुरू झालेलं. ११ मार्च १९७७ ला तिथे फ्रान्चेस्को लोरूस्सो हा विद्यार्थी पोलिसी गोळीबारात मारला गेला आणि शहर पेटलं. लोक सार्वजनिक फोनवरून स्टेशनला फोन करायचे आणि फोन थेट प्रसारणात जोडला जायचा. कुठल्या चौकात काय चाललंय ते त्या त्या चौकातला माणूस सांगायचा. दंगलीचं संचालन रेडिओवरून होतंय, असा आरोप झाला. १२ मार्चच्या रात्री पोलीस स्टेशनच्या दाराशी आले. आतली मुलं माइक चालू ठेवून बोलत राहिली. वकील येईपर्यंत थांबा असं पोलिसांना सांगत होती, आणि वकिलांना निरोप द्या असं श्रोत्यांना. मग दार फुटलं आणि हात वर केलेत एवढं सांगून आवाज थांबला. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

बोलोन्यात रेडिओ रस्त्यावरच्या हालचाली सांगत होता, म्हणून तो आरोप निदान समजू शकतो. बर्कलीत मेरिकल फक्त समोर दिसतंय ते सांगत होते, तेही आपल्या न्यूजरूममधलं. ती बातमीच होती. शहरातल्या दुसऱ्या कुठल्या कार्यालयातून पत्रकाराला बाहेर काढत असते आणि बातमीदार तिथे असता, तर त्याने तेच सांगितलं असतं. इमारत आपली म्हणून गप्प बसला असता, तर तो श्रोत्यांचा विश्वासघात ठरला असता. आणि लोक आले ते 'या' म्हटल्यामुळे नव्हे, आवाज तुटला म्हणून. मला तरी वाटतं, टेप लावली नसती तर अर्धे लोक घरीच ऐकत बसले असते.

पारावरचा, गोळीबाराचा उल्लेख तुम्ही केलात ते बरं झालं, तो या हकिगतीचा भाग आहेच. पण सुरक्षारक्षक दारावर ठेवणं वेगळं आणि चालू बातम्यांमध्ये पत्रकाराच्या अंगावर घालणं वेगळं. पहिल्याला माझी हरकत नाही.

---

निळावंती

आवाज तुटला म्हणून लोक आले, हे पटलं. शांतता ऐकवली की कान टवकारतातच.

---

माळरान

बर्कलीचाच जुना दाखला आठवला. ऑक्टोबर १९६४, विद्यापीठाच्या आवारात राजकीय प्रचाराला बंदी होती. नागरी हक्कांच्या संघटनेचं टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्गला पोलिसांनी पकडून गाडीत बसवलं. कोणीतरी गाडीपुढे बसलं, मग सगळेच बसले. गाडी ३२ तास जागची हलली नाही. आत वाइनबर्ग आणि गाडीभोवती काही हजार विद्यार्थी. एकेक वक्ता गाडीच्या टपावर चढून बोलत होता. मारिओ सॅव्हिओने चढण्याआधी बूट काढले, टपाला पोचे पडू नयेत म्हणून! फोटोत मोज्यांवर उभा दिसतो. पोलिसांची गाडी अडवली आहे, पण तिची काळजीही घेतली जाते आहे. शेवटी विद्यापीठाच्या अध्यक्षांशी बोलणी झाली आणि गाडी निघाली. केपीएफएने या चळवळीची भाषणं ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत.

याच शहरात पाच वर्षांनी, मे १९६९ मध्ये, विद्यापीठाच्या जागेवर लोकांनी उभारलेल्या पीपल्स पार्क या बागेच्या वादात शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी छर्‍याच्या बंदुका चालवल्या आणि जेम्स रेक्टर हा तरुण गेला. तो छतावरून बघत होता. १९९९ मध्ये फुटपाथवर बसलेल्यांत आणि पोलिसांच्या वरिष्ठांतही या दोन्ही गोष्टी आठवणारे लोक नक्की असतील. त्या रात्री पन्नासावर अटका झाल्या आणि कोणी दगावलं नाही, याचं श्रेय मी दोन्ही बाजूंना देतो.

---

सांजपर्व

माळरान, बुटांचा तपशील फार सुरेख. आपल्या मोर्चांतही स्वयंसेवकांची साखळी गर्दी आणि पोलीस यांच्या मध्ये उभी करतात. त्यात बायका पुढे असल्या की शिवीगाळ कमी होते, असा माझा अनुभव. आणि कोणीतरी एक जण फक्त लिहायला हवा. कितीला काय झालं, कोणाला नेलं, कुठे नेलं. अमेरिकेत नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेचे निरीक्षक भडक हिरव्या टोप्या घालून हेच काम करतात. ते घोषणा देत नाहीत, भांडत नाहीत, नुसतं बघतात आणि टिपतात. आपलं कोणी बघतंय हे कळलं की पोलिसांचाही हात जरा आवरतो आणि आपल्यातल्या तापट पोरांचाही.

---

चौकटीबाहेर

आपल्याकडे असं काही घडलं तर? आपल्या सामुदायिक रेडिओवर तर स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा प्रसारित करायची मुभा, तेवढीच. म्हणजे निळावंतींचा प्रश्न आपल्याकडे उद्भवणारच नाही, निवेदकाला सांगायची सोयच नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवाने खुले झाले, पण बातमीचं दार अजून बंद. याबद्दल चीड येते.

---

ध्वनिलहर

चौकटीबाहेर, तुमची चीड रास्त आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे केपीएफएवरच राहू.

---

पारावरचा

मग मला एक सांगा. पोलिसांनी काय करायला हवं होतं? 'बोलावू नये' हे व्यवस्थापनाला सांगून झालं. बोलावल्यावर काय?

---

ध्वनिलहर

पारावरचा, तुमच्या वडिलांसारखा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच उत्तर देतो.

एक, घाई करायची नाही. आत बसलेले कर्मचारी कोणाला मारत नव्हते, काही फोडत नव्हते. रात्रभर बसले असते तरी शहराचं काही बिघडलं नसतं. दोन, तक्रारदाराला सही करण्याआधी विचारायचं की न्यायालयात जाऊन मनाई हुकूम आणता येईल का. नोंदवहींनी सांगितलं तसं, सही त्यांची असेल तर विचार करायची जबाबदारीही त्यांची. तीन, नेण्याआधी प्रत्येकाला स्वतःहून चालत जायची संधी द्यायची आणि आंदोलकांच्या प्रतिनिधीला आधी कळवायचं. ठरवून दिलेली अटक दोन्ही बाजूंना सोपी जाते. लोक रांगेने उठतात, कोणाचा हात पिरगाळला जात नाही. यातलं काहीही कायद्याबाहेरचं नाही.

शेवटी वाद सुटला तो न्यायालयात आणि वाटाघाटींतच. श्रोत्यांनी आणि स्थानिक मंडळाच्या सदस्यांनी दावे लावले होते. डिसेंबर २००१ मध्ये तडजोड झाली, जुनं मंडळ गेलं आणि पुढे २००३ मध्ये नवी घटना आली. आता प्रत्येक स्टेशनला निवडून दिलेलं स्थानिक मंडळ आहे. २४ सदस्य : १८ श्रोत्यांचे, ६ कर्मचाऱ्यांचे. मताचा हक्क मिळवायला वर्षाला २५ डॉलर वर्गणी किंवा तीन तास श्रमदान. पैसे नसलेल्या श्रोत्यालाही मत, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

---

नोंदवही

या नव्या नियमावलीनेही भांडणं थांबली नाहीत, हे जोडायला हवं. निवडून आलेल्या मंडळांत गट पडले, कर्ज वाढत गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्रीय व्यवस्थापनाने पॅसिफिकाच्या न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूबीएआय या स्टेशनचे स्थानिक कार्यक्रम अचानक बंद केले आणि कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. या खेपेला लोक तडक न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबरमध्ये आदेशानंतर स्थानिक कार्यक्रम परत सुरू झाले. साधारण एक महिना. बर्कलीला १९९९ मध्ये टाळं उघडायला तीन आठवडे लागले, पण तडजोड व्हायला अडीच वर्षं.

---

पारावरचा

ध्वनिलहर, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण पटला. पहिल्याबद्दल शंका आहे. रात्रभर थांबायला अधिकाऱ्याला वरून मोकळीक लागते, आणि बंदोबस्ताचा खर्च शहराच्या माथी पडतो. तरी माझं मत असं की तो खर्च शहराने करावा. पन्नास माणसं कोठडीत टाकण्यापेक्षा वीस शिपाई रात्रभर उभे ठेवणं बरं, पाय दुखले तरी.